एकवीस दिवसांत सात शहरं? मग बघणार काय?

पत्र : मी तासगाव तालुक्यातली. बी.आर्क.च्या (आर्किटेक्चरच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या इमारतींचं वेड आहे आणि परदेशातलं एखादं जुनं शहर नीट अभ्यासायचं मनात आहे. समोर तीन वाटा दिसतात. एका एजन्सीची ‘स्टडी टूर’ आहे : २१ दिवसांत रोम, फ्लोरेन्स, सिएना, व्हेनिस, इस्तंबूल, प्राग, बार्सिलोना. दुसरी वाट म्हणजे आमच्या कॉलेजचा फ्लोरेन्समधल्या एका संस्थेशी करार आहे, चौथ्या वर्षी एक सत्र तिकडे करता येतं. पण आजवर फारसं कुणी गेलेलं नाही, त्यामुळे सांगणारं कुणी नाही. तिसरी वाट मामांची : ‘इथलं सोड आणि तिकडेच पहिल्यापासून कर.’ आण्णांची द्राक्षबाग आहे, आम्ही बेदाणा करतो. पैसे एकदाच घालता येतील. कुठली वाट धरू आणि तयारी काय करू? आणि आई विचारते, साताऱ्याचे कंदी पेढे नेता येतील का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर :

मामांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तोच सगळ्यांत महागात पडणारा आहे. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इथली पाच वर्षांची बी.आर्क. झाली की नोंदणीचा रस्ता सरळ असतो. इटलीत बहुतेक ठिकाणी हे शिक्षण तीन अधिक दोन असं विभागलेलं आहे. नुसती पहिली तीन वर्षांची पदवी घेऊन आलीस तर ती इथे बी.आर्क.च्या बरोबरीची धरत नाहीत. पाचही वर्षं तिकडे केलीस तरी त्या पदवीची मान्यता कौन्सिलकडून वेगळी तपासून घ्यावी लागते. म्हणजे हातातली तीन वर्षं घालवायची आणि परत आल्यावर कागदांच्या मागे धावायचं. बी.आर्क. पुरी कर. त्यानंतर मास्टर्सला जायचं तर जा, आणि तेव्हा राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांकडेही बघ. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या. पण त्या सगळ्या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, एका सत्रासाठी कुणी देणार नाही. मामांना हे शांतपणे सांग. त्यांचा हेतू वाईट नाही.

आता टूर. हिशेब मांडून बघ. २१ दिवसांतले दोन जाण्यायेण्याचे. शहर सहा वेळा बदलायचं. सामान बांधणं, स्टेशन नाहीतर विमानतळ, हॉटेलात चेक-इन, यात दर वेळी कमीत कमी अर्धा दिवस, म्हणजे तीन दिवस तिथे गेले. उरले सोळा. शहरामागे सव्वादोन दिवस. त्यात जेवणं, रांगा आणि ‘बस सुटतेय, चला’ हे धरलं की एका इमारतीसमोर सलग दोन तास बसायला मिळणं अवघड. शिवाय एक गोम आहे. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तिथला व्हिसा वेगळा, आणि तुझ्या यादीत इस्तंबूल मध्येच आहे. शेंगेनचा व्हिसा सिंगल एंट्रीचा मिळाला तर व्हेनिसहून इस्तंबूलला गेल्यावर प्रागला परत आत येता येणार नाही. एजन्सीला हा एकच प्रश्न विचारून बघ. उत्तर किती ठाम येतं त्यावरून बाकीच्या तयारीचा अंदाज येईल. फिरायला म्हणून अशी टूर वाईट नाही. पैसे एकदाच घालायचे असतील तर ते इथे घालू नकोस.

म्हणजे उरलं फ्लोरेन्सचं सत्र. आमचं मत तेच. पण करार आहे म्हणजे सगळं आपोआप होतं असं समजू नकोस. करार हा दोन संस्थांमधला कागद. तुझा कागद वेगळा, त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात, आणि सगळी मेख त्यात असते.

युरोपात विषयांना जे क्रेडिट असतात ते वर्षाला ६०, म्हणजे सत्राला ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात वर्गातलेही तास आले आणि घरचेही. तुझ्या सत्रातले इथले विषय एका बाजूला लिही आणि तिथले विषय त्यांच्यासमोर बसवून बघ. डिझाइन आणि इतिहास यांची जोडी सहज लागेल. इथल्या आय.एस. कोडांवर (भारतीय मानकांवर) चालणारं स्ट्रक्चर्स, बिल्डिंग बायलॉज म्हणजे बांधकामाचे नियम, सर्व्हिसेस म्हणजे पाणी-वीज-ड्रेनेज, यांना तिथे जोडीदार मिळणार नाही. मुलगी परत येते आणि मग कळतं की दोन पेपर राहिलेत, ते बॅकलॉग म्हणून पुढच्या वर्षी. हे टाळायचं तर जायच्या आधी लेखी ठरवून घे : कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार, न जुळणारा पेपर कधी देता येणार, आणि त्या सत्राची हजेरी कशी लावणार. सही विभागप्रमुखांची घे, प्राचार्यांची घे आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचंही पत्र घे. कॉलेज ‘हो’ म्हणालं म्हणजे विद्यापीठ ‘हो’ म्हणालं असं नसतं, आणि गुणपत्रिका विद्यापीठ देतं.

गुणांचं रूपांतरही तेव्हाच ठरवून घे. इटलीत गुण ३० पैकी असतात, १८ ला पास, आणि ३० च्या वर शाबासकी म्हणून ‘ए लोदे’. २४ मिळाले तर सरळ टक्केवारीने ते ८० होतात. पण कुणी १८ ला इथला पासिंगचा आकडा धरून मोजायला बसलं, तर त्याच २४ चे बरेच कमी होऊ शकतात. कुठलं सूत्र लावणार ते आधी कागदावर असू दे. फीचंही तसंच. अशा करारात साधारणपणे आपली फी इथेच भरायची असते, तिथे ट्यूशन लागत नाही. पण ‘साधारणपणे’ या शब्दावर विमानाचं तिकीट काढू नये. कराराची प्रत मागून घे आणि ते वाक्य स्वतः वाच.

सत्र कुठलं निवडायचं? इटलीतलं पहिलं सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि त्याच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत. सातव्या सत्राला गेलीस तर परत येईपर्यंत इथलं आठवं सत्र निम्मं सरलेलं असेल. दुसरं सत्र फेब्रुवारीअखेर किंवा मार्चात सुरू होऊन जूनच्या सुरुवातीला वर्ग संपतात, परीक्षा जून-जुलैत. इथलं सातवं सत्र डिसेंबरपर्यंत आटोपून आठव्याला जा, नवव्याला इथे हजर हो. ऊन-सावली बघायलाही वसंत बरा, दिवस मोठे होत जातात. परीक्षा झाल्यावर ‘ऑगस्टभर राहून बघते’ असा बेत मात्र करू नकोस. १५ ऑगस्टच्या आगेमागे तिकडे निम्मा देश सुट्टीवर असतो, ग्रंथालयं आणि ऑफिसं बंद, आणि उन्हाचा कडाका.

अर्ज करण्याआधी तिथल्या विषयांच्या यादीत दोन गोष्टी बघ. एक, विषय एका सत्राचा आहे की वर्षभराचा. तिथे काही डिझाइन स्टुडिओ वर्षभर चालतात आणि अर्ध्यातून शिरलेलीला क्रेडिट मिळेलच असं नाही. दोन, भाषा. इंग्रजीतले विषय मिळाले तरी साइटवर, ग्रंथालयात आणि घरमालकाशी इटालियनच लागतं. निघेपर्यंत ए-२ पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरतं, तरी शीक. ‘प्रोस्पेत्तो’ हा शब्द तर आजच पाठ कर. त्याचा अर्थ एलिव्हेशन, म्हणजे इमारतीची एक बाजू सरळ समोरून बघून काढलेलं ड्रॉइंग. इंग्रजी वळणाने आपण त्याला पर्स्पेक्टिव्ह (डोळ्याला दिसतं तसं, लांबचं लहान होत जाणारं चित्र) समजतो आणि ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, भलतंच शीट घेऊन उभं राहतो. पर्स्पेक्टिव्हला ते ‘प्रोस्पेत्तीवा’ म्हणतात. ‘पियांता’ म्हणजे प्लॅन, ‘सेत्सिओने’ म्हणजे सेक्शन, इमारत उभी कापल्यासारखं ड्रॉइंग. आपण मापं मिलिमीटरमध्ये टाकतो. तिथल्या आर्किटेक्चरच्या ड्रॉइंगवर ती बहुधा सेंटीमीटर नाहीतर मीटरमध्ये असतात आणि दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम. इतिहासासारख्या विषयाची परीक्षा बऱ्याचदा तोंडी असते. समोर कोरा कागद ठेवून अमुक चर्चचा सेक्शन काढ म्हणाले तर हात चालला पाहिजे.

कागदपत्रांत दोन ठिकाणी आपल्याकडची मुलं अडखळतात.

पहिलं, नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेली नावं अशा दोन वेगळ्या ओळी. त्यात वडिलांचं नाव कुठे आलं, आईचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर एक, स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त, असलं काही असेल तर आत्ता दुरुस्त करून घे. एका व्यक्तीचीच दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करता येतं, पण ते ऐनवेळी जोडण्यापेक्षा कागद एकसारखे असलेले बरे.

दुसरं, पैशांचा पुरावा. इथे तुझ्या घरचं वेळापत्रक आणि व्हिसाचं वेळापत्रक एकमेकांना आडवं जातं. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे शेंगेनचा साधा व्हिसा चालत नाही, इटलीचा नॅशनल म्हणजे डी व्हिसा लागतो. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. मार्चच्या सत्रासाठी तो अर्ज साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत करशील. त्याच महिन्यांत बागायतदाराच्या खात्यात काय असतं? ऑक्टोबर छाटणीची मजुरी, औषधं, खतं. सगळं बाहेर जाणारं. आलेला पैसा मागच्या हंगामाचा. अर्जाच्या आधी आठ दिवस कुणाकडून उसने पाच लाख आणून खात्यात टाकले की स्टेटमेंटवर ते डोळ्यात भरतात आणि शंका येते. म्हणून आण्णांना आत्ताच सांग : यंदाच्या बेदाण्याच्या पैशातली सत्रापुरती रक्कम आली की वेगळ्या मुदत ठेवीत टाकायची आणि मोडायची नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे घरात रिटर्न भरलेलं नसेल, तर त्याऐवजी सात-बारा, आठ-अ, अडत्याच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या आणि सीएचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र असा गठ्ठा तयार कर. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. सात-बारावर आजोबांचं नाव अजून असेल आणि वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आत्ताच जा. ते काम महिन्याभरात होईल असं धरू नकोस.

तिथे पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकावा लागतो, ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’. अर्जाचं पाकीट पोस्टात मिळतं, भरून पोस्टातच द्यायचं, त्याला १६ युरोचा महसुली स्टॅम्प लागतो. मिळालेली पावती पासपोर्टएवढीच जप. बोटांचे ठसे द्यायला पोलिसांच्या ऑफिसात बोलावतील तेव्हा तीच दाखवायची. खोली शोधताना आधी यजमान संस्थेच्या हाउसिंग ऑफिसला विचार. बाहेर विद्यार्थ्यांसाठीचा भाडेकरार कायद्याने किमान सहा महिन्यांचा असतो, तुझं सत्र पाचाचं, त्यामुळे एका महिन्याचा हिशेब आधी बोलून घे. आणि खोली न बघता, करार हातात नसताना डिपॉझिट पाठवू नकोस. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं सांगणारा मालक हा मालक नसतो.

कागदांचं इथे थांबवतो. आता तयारी; तुझ्या पत्रातला हा एकच प्रश्न आम्हाला खरा रंजक वाटला.

जुनं शहर वाचायची सवय फ्लोरेन्सला जाऊन लागत नाही, ती घेऊन जावी लागते. तुझ्यापासून वाई फार लांब नाही. चार-पाच रविवार काढ आणि मेणवलीतला किंवा वाईतला एखादा वाडा, अगदी ओळखीतला लहानसा असला तरी चालेल, मोजून काढ. मालकांची परवानगी घेऊन. सगळा वाडा नको, एक चौक आणि त्याभोवतीचा सोपा (ओसरी) पुरे.

आधी टेप बाहेर काढायचाच नाही. नजरेने प्लॅन काढ, पानभर मोठा, म्हणजे मापं लिहायला जागा राहते. मग ३० मीटरची टेप चौकाच्या एका कोपऱ्यात शून्यावर धरून ठेव आणि ती न हलवता खांबांच्या कडा एकामागून एक वाच : ०.२२, १.६४, १.८६, असं. प्रत्येक गाळा (दोन खांबांमधली जागा) वेगळा मोजून नंतर बेरीज करायची नाही. वेगळं मोजलं की दर मापात अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होतो आणि दहा गाळ्यांत पाच सेंटीमीटर चूक साठते. शीट काढायला बसल्यावर शेवटचा खांब भिंतीत घुसतो. चौक चौकोनी दिसला तरी काटकोनी धरू नकोस. चार बाजू आणि एक कर्ण मोजला की आकार पक्का होतो, दुसरा कर्ण ताळा करायला. टेपला झोळ पडला की माप जास्त येतं, म्हणून लांब माप घेताना मध्ये एकाने टेप उचलून धरावी. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजायची, आणि वरच्या मजल्यावर परत मोजायची, कारण ती वर कमी झालेली असू शकते.

उंचीसाठी गवंड्याचा लेव्हल पाइप आण. पारदर्शक नळीत पाणी भर, आत बुडबुडा राहू देऊ नकोस (राहिला की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येत नाही), आणि जमिनीपासून साधारण एक मीटरवर चौकभर खडूच्या खुणा कर. त्या रेषेपासून वर आणि खाली मोजायचं. फरशीपासून मोजलंस तर फसशील. चौकाला पाणी काढायला मुद्दाम उतार दिलेला असतो. खांब झुकलाय का ते ओळंब्याने बघ. सेक्शन काढताना जोतं, पायरी, तुळई, वरच्या कड्या आणि त्यांवरचे पाट, सगळं कापून दाखवता आलं पाहिजे. कडीचं टोक भिंतीत किती आत गेलंय ते दिसत नसेल तर तिथे तुटक रेष काढ, अंदाजाने ठोकू नकोस.

सगळी मापं मीटरमध्ये आली की आणखी एक गोष्ट कर. ती ‘हातां’मध्ये बदलून बघ. आपला हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच, ४६ सेंटीमीटरच्या आसपास. मीटरमध्ये वेडेवाकडे दिसणारे आकडे हातांमध्ये पूर्ण किंवा अर्धे येतात का बघ. येत असतील तर बांधणाऱ्याने कशाने मोजलं ते सापडलं.

हे का सांगतो ते ऐक. फ्लोरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या आर्किटेक्टने १४१९ मध्ये सुरू केलेलं अनाथालय आहे, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती. पुढे कमानींची लांब ओसरी. आपण सोपा म्हणू. तिथल्या दोन खांबांमधलं अंतर मोजलंस तर ५.८ मीटरच्या आसपास येईल. त्या आकड्यातून काही कळत नाही. पण फ्लोरेन्सचं जुनं माप ‘ब्राच्चो’, शब्दशः हात, ते ५८.४ सेंटीमीटरचं. म्हणजे खांबांमधलं अंतर दहा हात. खांबाची उंची दहा हात. ओसरीची खोली दहा हात. सगळी ओसरी एकाच घनाचा पुन्हा पुन्हा ठेवलेला ठोकळा आहे हे मीटरच्या टेपने कधीच दिसलं नसतं. ज्या मुलीने वाईत हाताने मोजून पाहिलंय तिला ते दहा मिनिटांत दिसतं, आणि वर्गातल्या स्थानिक मुलांच्या आधी. करड्या दगडाच्या रेघा आणि मधला पांढरा गिलावा हेही नुसतं नटवणं नाही. दगड जिथे आहे तिथे तो त्या मापांची चौकट दाखवतो.

दुसरा सराव नकाशाचा. रोमचा एक नकाशा जाम्बात्तिस्ता नोल्ली याने १७४८ मध्ये छापला. त्यात खासगी इमारती काळ्या भरल्यात, रस्ते-चौक पांढरे, आणि गंमत ही की चर्चचं आतलं आणि सर्वांना खुले असलेले आतले चौकही पांढरे. म्हणजे जिथे कुणीही जाऊ शकतं ते सगळं पांढरं. हाच नकाशा वाईच्या गणपती आळीचा काढ. रस्ता पांढरा, घाट पांढरा, देवळाचा मंडप पांढरा. वाड्याचा चौक काळा की पांढरा? गणपतीत तिथे कार्यक्रम होत असेल तर? दुकानाच्या पुढची पायरी? पेन्सिल अडेल. अडली की नोंद कर. फ्लोरेन्सच्या ज्युरीत दाखवायला यापेक्षा चांगलं शीट तुझ्याकडे नसेल. अंतरं पावलांनी मोज. २० मीटर चालून किती पावलं पडतात ते एकदा मोजून ठेव. २८ पडली तर एक पाऊल ७१ सेंटीमीटर. परदेशात रस्त्यात टेप पसरता येत नाही, पाऊल कुठेही टाकता येतं.

तिसरा सराव एका दिवसाचा. जतवरून विजापूरला जा आणि गोल घुमट बघ. आतला व्यास ३८ मीटरच्या जवळपास. चौरस खोलीवर गोल घुमट बसवायला आठ कमानी एकमेकींत गुंफल्यात. त्याच्या शेजारी रोमचं पॅन्थिऑन काढ : ४३.३ मीटर, काँक्रीटचं, लोखंड नाही, आणि वर जाताना काँक्रीटमधली खडी हलकी होत जाते, माथ्याजवळ तरंगणारा प्युमिस दगड. त्याच्या शेजारी फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट, अष्टकोनी, साधारण ४५ मीटर, १४२० ते १४३६ मध्ये खालून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता बांधलेला. तिन्ही सेक्शन १:२५० ला एका ए-१ शीटवर. ४५ मीटर म्हणजे १८ सेंटीमीटर, ३८ म्हणजे १५.२, तिन्ही सहज बसतात. फ्लोरेन्सला त्या घुमटाच्या दोन कवचांमधून ४६३ पायऱ्या चढून वर जाता येतं, लिफ्ट नाही. वर जाताना भिंतीतल्या विटा बघ. आडव्या थरांत मध्येच उभ्या विटांच्या रांगा तिरक्या चढत गेलेल्या दिसतील. त्या उभ्या विटांनी आडवा थर पकडून धरला, म्हणून चुना ओला असताना तो घसरला नाही, आणि सांगाड्याविना काम निभावलं. वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. मागून माणसं येत असतात, त्यामुळे स्केच कुठल्या वळणावर करायचं ते आधी ठरवून जा.

सत्राला जाताना सांगलीचा एक प्रश्न सोबत ने. आम्ही सुचवतो तो असा : पुराच्या पाण्यात भिजलेली जुनी भिंत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत काय झालं ते तू पाहिलंयस. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसला १८७ सेंटीमीटरची भरती आली. व्हेनिसच्या घरांना खाली इस्त्रियाचा पांढरा दगड आहे, तो पाणी शोषत नाही, आणि वर विटा. पूर्वी पाणी दगडापर्यंतच यायचं. आता पातळी वाढल्यामुळे ते दगड ओलांडून विटांना लागतं, विटा ते वर ओढतात, पाणी उडून जातं आणि मागे राहिलेलं मीठ वीट आतून फोडतं. आपल्याकडे नदीचं पाणी खारट नाही, पण चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. वाईचा ढोल्या गणपती आठव. देवळाच्या मागच्या भिंतीचा माशासारखा निमुळता आकार पुराचं पाणी दुभंगायला आहे. फ्लोरेन्सहून व्हेनिस रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर. महिन्यातून एकदा जा, एकच गल्ली बघ, तीच परत बघ. दहाव्या सत्राच्या थिसिसचा विषय तिथून हातात घेऊनच येशील.

बारीकसारीक. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत तिथल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मोफत प्रवेशाची सवलत आहे, पण खिडकीवर चालू वर्षाचा नोंदणीचा दाखला मागतात. तो इटालियनमध्ये काढून घे, इथलं आयकार्ड चालणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सगळ्यांनाच मोफत असतात, म्हणून त्या दिवशी जाऊ नकोस. गर्दीत काही काढता येत नाही. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड ४०० युरोपर्यंत जातो. व्हेनिसमध्येही सेंट मार्क चौकात पायऱ्यांवर ठिय्या देता येत नाही. उभ्याने स्केच करायची सवय लाव. त्यासाठी कडक पुठ्ठ्याची ए-५ वही, कागद १५० जीएसएमच्या आसपास, ०.३ आणि ०.८ अशी दोनच पेनं, पाच मीटरची छोटी टेप. कटर आणि कंपास चेक-इन बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. उलट केलंस तर दोन्ही जातील. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण इटलीतल्या प्लगला एका ओळीत तीन पिना असतात, तेवढा अडॅप्टर ने.

आणि आईंना सांग, पेढे नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातूनही नेता येत नाहीत, म्हणजे कंदी पेढे गेले आणि घरचं तूपही गेलं. घरचा बेदाणा न्यायचा तर निघायच्या आधी त्यांच्या कस्टम्सच्या यादीत बघून घे. भडंगाला अडचण नाही. वजन नगण्य, जागा मात्र फार खातं, तेव्हा ड्रॉइंग ट्यूबमध्ये भरून नेता आलं तर बघ.